वाचकांचे प्रश्न : डोंगर, उंची आणि बदलत जाणारे जंगल

मागील अंकात विषुववृत्ताजवळच्या पर्वतांवरील जंगलांविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. अशा पर्वतांची वनस्पतिसंपत्ती एखाद्या जागेच्या दाटीत जेवढी असते, तेवढीच ती जागेगणिक होणाऱ्या प्रजातींच्या पालटात असते, असा त्याचा आशय होता. त्यावर मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील प्रश्न संक्षेपाने देऊन खाली उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आपल्या टिपणात एकीकडे उष्ण कटिबंधातील पर्वत वनस्पतींनी अत्यंत समृद्ध असतात असे म्हटले होते, तर दुसरीकडे उंचीबरोबर वृक्षांच्या प्रजाती घटतात असेही होते. मुलांनी वर्गात विचारले, तेव्हा मला या दोन विधानांचा मेळ घालता आला नाही. — एक शिक्षिका, कन्नड

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत, कारण त्यांत मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. एका हेक्टरात किती प्रजाती सापडतात हा एक प्रश्न झाला. पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या साऱ्या उतारावर मिळून किती आहेत हा दुसरा. आणि एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे जाताना यादी किती बदलते हा तिसरा. अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी सिस्कियू पर्वतातील वनस्पतींचा अभ्यास मांडताना १९६० साली या तिन्हींना स्वतंत्र नावे दिली. एका जागेची ती अल्फा विविधता, साऱ्या प्रदेशाची ती गॅमा आणि जागांमधल्या फरकाची ती बीटा.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पेरूच्या सखल जंगलात ऑल्विन जेंट्री या वनस्पतिशास्त्रज्ञाला एका हेक्टरात, छातीच्या उंचीवर किमान १० सेंटिमीटर व्यास असलेल्या झाडांच्या सुमारे ३०० प्रजाती आढळल्या होत्या. त्यांनी हे १९८८ साली प्रसिद्ध केले. तेथून अँडीज चढू लागल्यावर हा आकडा उतरत जातो आणि तीन हजार मीटरच्या आसपास तो काही डझनांवर येतो. म्हणजे अल्फा घटते. परंतु वर उरलेली झाडे ही खालच्याच झाडांतील शिल्लक नसतात. त्यांतील बहुतेक खाली कधी दिसलेलीच नसतात. समजा, एका डोंगरावर पाच उंचींवर प्रत्येकी ५० प्रजाती आहेत, पण सगळीकडे त्याच ५० आहेत. आणि दुसऱ्या डोंगरावर प्रत्येक उंचीवर ३०च आहेत, पण दर टप्प्याला त्यांतील २५ नव्या आहेत. कोणत्याही एका जागी उभे राहून पाहणाऱ्याला पहिला डोंगर श्रीमंत वाटेल. सगळा डोंगर चढून गेल्यावर मात्र पहिल्यावर ५० आणि दुसऱ्यावर १३० प्रजाती भरतील.

बोर्निओ बेटावरील ४,०९५ मीटर उंचीच्या किनाबालू पर्वतावर हेच प्रत्यक्षात दिसते. सुमारे १,२०० चौरस किलोमीटरच्या, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढ्या परिसरात तेथे पाच हजारांहून अधिक वाहिनीवंत (पाणी वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या) वनस्पती आढळतात. पायथ्याशी डिप्टेरोकार्प कुळातील उंच वृक्ष आहेत, त्यांच्या वर ओक आणि चेस्टनटच्या कुळाचे राज्य आहे, त्यापुढे शेवाळाने झाकलेले धुक्यातले बुटके जंगल लागते आणि शेवटी ग्रॅनाइटच्या उघड्या खडकावर फक्त झुडपे उरतात. शिवाय मधूनमधून निकेल आणि मॅग्नेशियम भरपूर असलेल्या खडकांची माती येते आणि तेथे उंची तीच असूनही वनस्पती वेगळ्या होतात. नेपेंथिस राजा ही घड्याच्या आकाराची प्रचंड पाने असलेली कीटकभक्षी वनस्पती किनाबालू आणि शेजारच्या तंबुयुकोन पर्वताखेरीज जगात कोठेही नाही, आणि तेथेही ती अशाच मातीवर वाढते.

मुलांना आणखी एक सांगावे. उंचीबरोबर घट होते ती मुख्यतः वृक्षांच्या बाबतीत. नेचे आणि झाडांवर वाढणारी आमरे (ऑर्किड) पुष्कळ पर्वतांवर मधल्या उंचीवर सर्वाधिक असतात, कारण ढग तेथे रोज टेकतात आणि फांद्या वर्षभर ओल्या राहतात. वृक्ष मोजणारा आणि नेचे मोजणारा असे दोघे एकाच डोंगरावरून उतरले, तर दोघांच्या वहीत वेगवेगळा आलेख असेल.

प्रश्न : काश्मीर-हिमाचलमध्येही चीड, देवदार, भूर्ज असे पट्टे उंचीप्रमाणे बदलतात. मग विषुववृत्ताजवळच्या पर्वतांवर हा पालट अधिक का मानतात? — एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई

उत्तर : यावरचा सर्वांत प्रभावी विचार अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९६७ साली मांडला. काश्मीरच्या खोऱ्यातील झाड हिवाळ्यात बर्फ सोसते आणि उन्हाळ्यात कडक ऊनही सोसते. वरच्या उतारावरील उन्हाळा त्याला अनोळखी नसतो. आपल्या जागेवरच्या वसंतात आणि शरदात ते तशीच हवा अनुभवते. विषुववृत्ताजवळ असे घडत नाही. इक्वाडोरमधील कीटो शहर २,८५० मीटरवर आहे आणि तेथील बारा महिन्यांच्या सरासरी तापमानात जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. पायथ्याच्या झाडाला सबंध आयुष्यात वरची थंडी कधी भेटत नाही आणि वरच्याला खालची उष्णता भेटत नाही. दर हजार मीटरला पारा सुमारे सहा अंशांनी उतरतो. ही घट दोन्हीकडे जवळपास सारखीच असते, पण ज्याची सहनशक्ती अरुंद, त्याला तीच चढण अधिक उंच ठरते.

आपल्याकडे परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि हिवाळ्यातील काही पहाटे तो सहा-सात अंशांच्याही खाली येतो. आपली पळस, बाभूळ, कडुनिंब ही झाडे हा सगळा पल्ला दरवर्षी पार करतात. या दृष्टीने मराठवाड्याची वनस्पती बोर्निओपेक्षा हिमालयाच्या पायथ्याला अधिक जवळची आहे, असे माझे मत आहे.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. थंड माथे उष्ण खोऱ्यांनी एकमेकांपासून तोडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक माथ्यावर वेगळी प्रजाती घडण्यास अवसर मिळतो. अँडीजच्या जंगलाच्या वरच्या गवताळ पट्ट्यात ल्युपिन या शेंगावर्गीय वंशाच्या सुमारे ८० प्रजाती गेल्या वीस लाख वर्षांच्या आतच निर्माण झाल्या आहेत.

मात्र येथे सावधपणाही हवा. जेंट्री यांनी जगभर जमवलेल्या नोंदी २०११ साली नेथन क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा असे दिसले की ज्या प्रदेशात मुळातच प्रजातींचा साठा मोठा, तेथे दोन लहान जागांच्या याद्या केवळ योगायोगानेही फार वेगळ्या येतात. या साठ्याचा हिशेब वजा केल्यावर उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांतील पालटाचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. जॅन्झेन यांचे म्हणणे यामुळे खोटे ठरत नाही. पण केवळ याद्यांमधील फरक दाखवून ते सिद्धही होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

प्रश्न : मराठवाड्यात उंच पर्वत नाहीत. तरी गौताळा, म्हैसमाळ किंवा बालाघाटाच्या डोंगरांत असा पालट दिसतो का? — एक वनस्पतिप्रेमी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दिसतो, पण त्याचा सूत्रधार वेगळा आहे. म्हैसमाळ सुमारे १,०६७ मीटर उंच आहे आणि आपले शहर त्याच्यापेक्षा साधारण पाचशे मीटर खाली. या चढणीत पारा जेमतेम तीन अंशांनी उतरतो, आणि जी झाडे वर्षभरात पस्तीस-चाळीस अंशांचा फरक झेलतात त्यांना तीन अंशांचे काही विशेष वाटत नाही. आपल्याकडे यादी बदलते ती पाण्यामुळे. आणि पाणी कोठे किती दिवस टिकते हे मातीची खोली, उताराची दिशा आणि खडकाचे थर यांवर ठरते.

काळ्या पाषाणाचे कठीण थर कड्यासारखे उभे राहतात, मऊ थर झिजून त्यांच्या पायाशी उतार तयार होतो, आणि त्यामुळे आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. कड्याजवळच्या खडकाळ मुरमात सालई, मोईन आणि कहांडोळ उभे असतात. सालई आणि मोईन यांच्या मऊ खोडात पाणी साठते आणि पाने गाळून ते उन्हाळा काढतात. खालच्या उतारावर, माती थोडी खोल झाली की धावडा, टेंभुर्णी आणि साग येतात. नाल्यात उतरावे तर अर्जुन, करंज, उंबर आणि जांभूळ. सपाट माथ्यावर पुन्हा कुसळी गवत, बोर आणि हेंकळ. नाल्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर कधीकधी पाचशे पावलांचेही नसते, पण तेवढ्यात यादी जवळपास पूर्ण पालटते. उत्तरेकडील उतार अधिक हिरवा का दिसतो, हेही याच हिशेबातले आहे. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत सूर्य आपल्या दक्षिणेला असतो, त्यामुळे दक्षिणेचा उतार लवकर सुकतो.

यांतील जांभळाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तो सदाहरित वृक्ष आहे आणि बारा महिने पाने टिकवायची तर बारा महिने पाणी हवे. मराठवाड्याच्या डोंगरात तो ओढ्याकाठी सापडतो. महाबळेश्वरच्या पठारावर मात्र अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे मिळून जंगलच्या जंगल आहे, आणि ते सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. तेथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेला पाचगणीपर्यंत तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो आणि वाईला आणखी निम्म्याहून कमी होतो. या तीस-पस्तीस किलोमीटरांच्या वाटेवर सदाहरित जंगल संपून पानगळीचे जंगल आणि मग काटेरी झुडपे लागतात. याच पर्जन्यछायेच्या प्रदेशात पुढे पूर्वेला बालाघाट येतो.

या संदर्भात एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. महाबळेश्वरचा पाऊस केरळमधील कित्येक घाटांपेक्षा जास्त आहे, तरी तेथील सदाहरित वृक्षांच्या प्रजाती केरळपेक्षा कमी आहेत. दक्षिण केरळात कोरडे महिने दोन-तीन असतात. सह्याद्रीच्या उत्तर टोकाकडे ते सात-आठ होतात. झाडाला वर्षाचा एकूण पाऊस उपयोगी पडत नाही. दोन पावसांमधले अंतर त्याला निभवावे लागते. म्हणून सह्याद्रीत उंचीबरोबर होणाऱ्या पालटाइतकाच दक्षिणोत्तर होणारा पालट महत्त्वाचा आहे. मराठवाड्यातही पूर्वेकडे किनवटला पाऊस वाढतो आणि सागाबरोबर ऐन, मोह, चारोळी यांचे जंगल दिसू लागते. येडशी-रामलिंगच्या घाटातील यादी आणि किनवटची यादी एकच समजण्याची चूक होऊ नये.

प्रश्न : आम्हाला महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी प्रजातींचा पालट मोजायचा आहे. साधी पद्धत सांगावी. — विद्यार्थ्यांचा एक गट, लातूर

उत्तर : जेंट्री यांची पद्धत तुम्हाला सोयीची पडेल. ५० मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असे दहा पट्टे आखायचे, म्हणजे एकूण एक दशांश हेक्टर होते. त्यांत अडीच सेंटिमीटर व ते ओलांडणाऱ्या व्यासाचे प्रत्येक खोड नोंदवायचे. व्यास मोजण्यासाठी वेगळे साधन लागत नाही; शिंप्याच्या टेपने घेर मोजून त्याला ३.१४ ने भागावे. असे दहा पट्टे नाल्यात, दहा उतारावर आणि दहा माथ्यावर घ्यावेत. तिन्ही ठिकाणी पट्ट्यांची संख्या सारखीच ठेवावी, कारण जेथे जास्त शोधाल तेथे जास्त सापडेल. अभयारण्यात जाणार असाल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी. काम ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात करावे. मार्चमध्ये निष्पर्ण खोडांवरून मोईन आणि सालई ओळखतानाही नवख्यांची फसगत होते. ओळख पटवण्यासाठी व्ही. एन. नाईक यांचा १९९८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला मराठवाड्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ हाताशी असावा.

तुलनेसाठी पॉल जॅकार्ड यांचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा निर्देशांक पुरेसा आहे. नाल्यात २४ प्रजाती मिळाल्या, उतारावर १८, आणि त्यांतील सहा दोन्हीकडे आहेत असे समजू. एकूण वेगळ्या प्रजाती ३६ झाल्या; सहाला ३६ ने भागले की साम्य ०.१७ येते आणि फरक ०.८३.

एवढ्यावर थांबू नये, कारण खरा विचार येथे सुरू होतो. समजा माथ्यावर आठच प्रजाती आहेत आणि त्या सगळ्या उतारावरच्या १८ मधल्याच आहेत. साम्य ०.४४ आणि फरक ०.५६ येईल, आकडा मोठा दिसेल, पण माथ्याने नवीन काहीच दिलेले नाही. तेथे पालट नसून केवळ गळती आहे. आन्द्रेस बासेल्गा यांनी २०१० साली या दोन घटकांना वेगळे मोजण्याचे गणित दिले आणि तेव्हापासून बीटा विविधतेचा अभ्यास बराच काटेकोर झाला. मराठवाड्यासाठी ही फोड अत्यंत गरजेची आहे. चराई, वणवा आणि कुऱ्हाड यांनी झिजलेला उतार शेजारच्या उतारापेक्षा वेगळा दिसतोच. तो वेगळेपणा निसर्गाचा आहे की नासधुसीचा, हे कळले पाहिजे.

संख्या कमी आली म्हणून खट्टू होऊ नका. पनामातील बॅरो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरांत सुमारे ३०० वृक्षप्रजाती आहेत. निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलईच्या पानगळीच्या जंगलात, १९८८ पासून मोजल्या जाणाऱ्या तेवढ्याच क्षेत्रात, त्या सुमारे ७० आहेत. कोरड्या जंगलाला ओल्या जंगलाची फूटपट्टी लावू नये.

प्रश्न : तापमानवाढीने डोंगरावरची झाडे वर सरकत आहेत हे खरे का? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : खरे आहे. पेरूच्या अँडीजमधील मोजणीक्षेत्रांवरून केनेथ फीली आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले की तेथील वृक्षांचे वंश वर्षाला सरासरी अडीच ते साडेतीन मीटर वर सरकत आहेत. तापमान ज्या वेगाने वाढत आहे त्याच्याशी जुळवून घेण्यास हा वेग अपुरा आहे. शिवाय सरकणे म्हणजे नेहमी वर नवी रोपे रुजणे नव्हे. कोलंबियातील अभ्यासात थंडीची सवय असलेली झाडे मरत गेल्यानेच जंगलाचा कल उष्णतेकडे झुकलेला दिसला. जंगलाच्या वर गवताळ पट्टा असेल आणि तो दरवर्षी पेटवला किंवा चरवला जात असेल, तर झाडांची वाट तेथेच अडते.

जुन्या नोंदी वापरताना किती जपावे लागते, याचेही एक उदाहरण आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०२ साली इक्वाडोरच्या चिंबोराझो पर्वतावर चढले होते. त्यांच्या नोंदींशी ताडून पाहता वनस्पती दोन शतकांत सरासरी पाचशे मीटरहून अधिक वर गेल्या, असा निष्कर्ष २०१५ साली निघाला. पुढे २०१९ साली इतर संशोधकांनी दाखवले की हुम्बोल्ट यांच्या उंचावरील नोंदी प्रामुख्याने इक्वाडोरमधल्याच अँतिसाना या दुसऱ्या पर्वतावरच्या होत्या. तेथे पुन्हा मोजल्यावर हा बदल सुमारे २१५ ते २६६ मीटर निघाला. दिशा तीच राहिली, पण आकडा निम्मा झाला. आज तुम्ही आपल्या डोंगराची यादी कराल, तर जागा, उंची आणि तारीख अचूक लिहा; पुढे तपासणाऱ्याला त्याचाच आधार असेल.

प्रश्न : आमच्या गावाने डोंगरावर वृक्षलागवड करायचे ठरवले आहे. गिरिपुष्प आणि सुबाभूळ लवकर वाढतात म्हणून सगळीकडे तीच लावावीत असा विचार आहे. — एक सरपंच, पाटोदा तालुका

उत्तर : कृपा करून तसे करू नये. सगळ्या डोंगरांवर त्याच दोन-तीन झाडांची लागवड झाली, तर प्रत्येक डोंगर हिरवा दिसेल आणि कदाचित तेथील झाडांची मोजदादही वाढेल. पण डोंगराडोंगरांतील फरक पुसला जाईल, आणि या प्रदेशाची खरी ठेव त्या फरकातच आहे. वर सांगितलेला पाण्याचा हिशेबच लागवडीसाठी वापरावा. नाल्याकाठी करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर; खोल मातीच्या उतारावर टेंभुर्णी, बेहडा; खडकाळ मुरमात सालई, मोईन, ज्यांच्या जाड फांद्याही पावसाळ्याच्या तोंडावर लावता येतात. बी शक्यतो त्याच डोंगरातून, त्याच प्रकारच्या जागेवरून गोळा करावे आणि रोपे गावातच वाढवावीत.

त्याही आधी दोन-तीन वर्षे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून पाहावी. पळस, धावडा, साग यांचे बुंधे जमिनीत जिवंत असतात. त्यांना नुसती उसंत मिळाली तरी धुमारे फुटतात, आणि जे झाड तेथे आपणहून उगवते ते त्या जागेला पारखलेले असते. सपाट माथ्यावरच्या गवताळ माळावर मात्र खड्डे खणू नयेत. माळ हा पडीक नसतो. महाराष्ट्रातील गवताळ उतारांवर कंदीलपुष्पाच्या वंशातील कितीतरी दुर्मीळ वनस्पती वाढतात आणि झाडांची गडद सावली त्यांना मानवत नाही. काळवीट, लांडगा आणि माळावर घरटी करणारे पक्षी यांचेही घर तेच आहे. तुमच्या तालुक्यात नायगावचे मोरांचे अभयारण्य आहे. तेथील झुडपी उतार एकदा गावातल्या मंडळींना दाखवून आणावा, म्हणजे विरळ दिसणारे रानही किती भरलेले असते हे त्यांना पटेल.

प्रश्न : बालाघाटचे सीताफळ मूळचे येथलेच ना? यादीत ते स्थानिक झाड म्हणून लिहावे का? — एक शेतकरी, धारूर

उत्तर : सीताफळ मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे. आपल्या उथळ, निचऱ्याच्या मातीत ते असे रुजले की आता बालाघाटात ते आपोआप उगवते, आणि त्यावर अनेक कुटुंबांचा हंगाम उभा आहे. यादीत ते अवश्य लिहावे, पण 'बाहेरून येऊन रुजलेले' अशा वेगळ्या रकान्यात. घाणेरीचेही तसेच करावे. ही दोन्ही झाडे जवळजवळ प्रत्येक उतारावर सापडत असल्याने, त्यांना धरून आणि वगळून असे दोनदा गणित मांडावे. दोन उत्तरांतील तफावत जेवढी मोठी, तेवढे बाहेरच्या वनस्पतींनी तुमचे उतार एकसारखे करून टाकले आहेत.